विमान-अंतर कॅल्क्युलेटर: आठ महिने वापरल्यावर

ऑफिसमधल्या लोकांच्या लांबच्या प्रवासांची आखणी माझ्याकडे असते. त्यामुळे दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं हे कॅल्क्युलेटर गेले आठ महिने जवळजवळ रोज उघडलंय. अंतरासाठी मी त्याच्यावर डोळे झाकून विसंबते. वेळेसाठी अजिबात नाही.

लंडन हीथ्रो ते लॉस एंजेलिस टाकलं तेव्हा सुमारे 8,760 किमी आलं आणि नकाशावरची रेषा चक्क ग्रीनलंडवरून गेली. मला ती चूकच वाटली. मग घरातला पृथ्वीगोल काढला, दोन्ही शहरांवर बोटं दाबून दोरा ताणला, तर तोही सरकत सरकत ग्रीनलंडवरच जाऊन बसला. गोलावरची सगळ्यात जवळची वाट म्हणजे बृहद्‌वृत्त. सपाट नकाशावर तीच वाकडी दिसते. त्या दिवसापासून अंतराबद्दल शंका घेतली नाही.

वेळेचं गणित मात्र नुसत्या भागाकाराचं आहे. अंतराला ताशी 900 किमीने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. म्हणून न्यूयॉर्क ते लंडन, सुमारे 5,540 किमी, जाताना आणि येताना तेच 6 तास 40 मिनिटं. वेळापत्रकात लंडनकडे जायला साधारण 7 तास आणि परत यायला 8 तासांच्या आसपास असतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, जाताना पाठीशी असते, येताना तोंडावर. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यात गेलेली मिनिटं त्यात धरलेली असतात, इथे नाहीत.

मला खरा फटका बसला हेलसिंकी–टोकियोला. अंतर सुमारे 7,800 किमी, कॅल्क्युलेटरचा वेळ 9 तास 10 मिनिटं. तिकीट काढायच्या आधीच बैठकीची वेळ कळवायची होती, ती मी याच आकड्यावर कळवली. नंतर वेळापत्रक पाहिलं तर जवळपास 13 तास! 2022 पासून रशियाचं आकाश बहुतेक युरोपीय विमान कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे विमानं मोठा वळसा घेऊन जातात. अंतर बरोबरच होतं, पण त्या वाटेने विमान जातच नाही. बैठक पुढे ढकलावी लागली आणि दोन्हीकडच्या लोकांची माफी मागावी लागली. निदान अशा मार्गांवर तरी ठळक सूचना यायलाच हवी.

शहराचं नाव टाकण्यापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. सॅन होजे लिहिलं की कॅलिफोर्नियातलं एसजेसी आणि कोस्टा रिकातलं एसजेओ दोन्ही समोर येतात, घाईत भलतंच निवडलं जातं. स्थानिक वेळेतला फरक दाखवतात तो चांगला आहे, पण पॅसिफिक ओलांडताना तारीख बदलते ते कुठेच दिसत नाही, ती मी हाताने लिहून ठेवते.

पाचपैकी साडेतीन. अंतराला पूर्ण पाच देईन.