देवरियाताल की पराशर? कमी चालून गाठता येणाऱ्या दोन तळ्यांपैकी कुठलं निवडावं

“सगळ्यांना झेपेल एवढंच चालायचं, पण वर पोचल्यावर डोंगरातलं शांत तळं दिसलं पाहिजे.” हिमालयाचा बेत आखताना घरात हमखास अशी मागणी येते, आणि मग दोन नावं पुढे येतात. उत्तराखंडातलं देवरियाताल आणि हिमाचलातलं पराशर. मी दोन्हीकडे गेले आहे. देवरियातालला आईला घेऊन, पराशरला एकदा बागी गावातून चालत आणि एकदा गाडीने. दोन्ही जागा मनात घर करून राहिल्या आहेत, तरी सगळ्यांना सारखंच उत्तर देता येत नाही. ठरवताना आधी एवढंच बघावं की गाडी तळ्यापासून किती लांब थांबते. दमणूक, गर्दी, शांतता, मुक्काम हे सगळं त्यावर अवलंबून आहे.

देवरियातालला गाडी सारी गावात थांबते आणि पुढचा सुमारे ३ किलोमीटरचा चढ पायीच. पराशरला मात्र गाडीरस्ता जवळजवळ तळ्यापर्यंत गेला आहे, शेवटचं थोडं अंतर तेवढं चालायचं. चालतच जायचं असेल तर खालच्या बागी गावातून जंगलातली ७-८ किलोमीटरची वाट आहे. म्हणजे पराशर एकतर फारच सोपं, नाहीतर चांगलंच दमवणारं. अधलंमधलं काही नाही. हे अधलंमधलं देवरियातालला मिळतं, आणि पहिल्यांदाच हिमालयात चालणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं.

आधी उंचीचं

देवरियाताल समुद्रसपाटीपासून २,४३८ मीटरवर आहे, पराशर २,७३० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तेव्हा दोन्हीकडे हवा थोडी विरळ लागणारच. उंचीचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे जाणवू लागतो. पराशर त्या रेषेच्या जरा वर येतं, पण तब्येत धडधाकट असेल तर एवढ्या उंचीवर सहसा अडत नाही. डोकं जड झालं तर पाणी पिऊन विश्रांती घ्यावी. तरीही बरं वाटलं नाही तर सरळ खाली उतरावं. हृदयाचा किंवा श्वसनाचा आजार असलेल्यांनी दोन्हीकडे जाण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

हे मुद्दाम सांगते, कारण ‘गाडीतून उतरलं की थोडंच चालायचं’ एवढ्यावर भाळून बरेच जण आईवडिलांना थेट चंद्रतालला न्यायचं ठरवतात. तिथे चालणं खरोखरच थोडं आहे, पण तळं ४,२०० मीटरच्या वर आहे. मनालीहून एका दिवसात तिथे पोचलेल्या साठीच्या माणसाला ते थोडं अंतरही जड जातं, आणि रात्र त्याहून जड. पहिल्या खेपेला चंद्रताल यादीत नको.

सारीची वाट

सारीतल्या घरांमधून दगड बसवलेली वाट वर निघते. खेचरांच्या नालांनी हे दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाले आहेत. सकाळी त्यांवर दव असतं. आई दोनदा घसरली, तेव्हापासून आम्ही वाटेच्या कडेने, मातीत पाय रोवत चाललो. सुरुवातीलाच ओंकार रत्नेश्वराचं जुनं दगडी देऊळ लागतं. पहिला दम तिथे खावा. चढ सलग आहे, पण कुठेही हात टेकावे लागत नाहीत आणि दरीच्या कडेने जीव मुठीत धरून जावं लागत नाही. वर बांज (ओक) आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांची झाडी लागली की ऊन तुटतं आणि चालणं हलकं होतं.

आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला हा चढ नवा वाटणार नाही. उंचीतला फरक उलट इथे कमी आहे, साधारण ४०० मीटर. धाप लवकर लागते ती हवेमुळे. सवय असलेले दीड तासात वर पोचतात. आई चौसष्टची, एक गुडघा दुखरा. तिला अडीच तास लागले. दर वळणावर ती थांबायची, मागे वळून सारीची पायऱ्यापायऱ्यांची शेतं बघायची आणि म्हणायची, “बघ, केवढे वर आलो!” तिला पुढे रेटणारं दुसरं काहीच नव्हतं.

गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना झाली. त्याच झिजलेल्या दगडांवर पाऊल टाकताना तिचा हात माझ्या खांद्यावरून एकदाही सुटला नाही. गुडघे कुरकुरणारं कुणी बरोबर असेल तर दोन काठ्या घ्या, एकीवर भागत नाही. आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ लागेल असं धरून निघा. सारीत खेचरांचीही चौकशी करता येते.

बागीची वाट

बागीतून पराशर गाठायला आम्हाला चार तास लागले. सुरुवातीला ओढ्याच्या सोबतीने, मग दाट जंगलातून, आणि शेवटी झाडी संपून मोकळी गवताळ कुरणं. दोन तासांत आम्हाला एक गुराखी भेटला, बस. चालण्याची आवड असलेल्याला ही वाट सारीच्या वाटेपेक्षा जास्त आवडेल, मलाही आवडली. पण तिला ‘सोपी’ म्हणणं बरोबर नाही. गुरांच्या पायवाटा जागोजागी फुटतात आणि धुकं उतरलं की खरी वाट कुठली ते कळत नाही. गावातलं कुणी माहीतगार सोबत घ्यावंच.

एवढं चालून वर आलं की समोर गाड्या उभ्या दिसतात. चार तासांच्या शांततेनंतर हॉर्नचा आवाज कानाला फार लागतो. गाडीने आले तेव्हा त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

पाण्यापाशी काय दिसतं

देवरियाताल प्रसिद्ध आहे ते चौखंब्याच्या प्रतिबिंबासाठी. चौखंबा ७,१३८ मीटर उंच, चार शिखरांचा. सूर्य वर यायच्या आधी त्याचं सर्वांत उंच टोक गुलाबी होतं आणि तो रंग हळूहळू खाली उतरत येतो. त्या वेळी पाणी आरशासारखं स्थिर असतं. ऊन तापू लागलं की डोंगरउतारावरची हवा गरम होऊन वर सरकते, दरीतून वारा सुटतो आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतात. प्रतिबिंब तिथेच मोडतं. पुढे ढग आले तर शिखरही झाकलं जातं. दुपारी बाराला तळं बघून “फोटोत होतं तसं काही दिसलं नाही” म्हणत परतणारे आम्हाला वाटेत भेटले. त्यांची फक्त वेळ चुकली होती. देवरियातालला जायचं तर पहाटेसाठीच जायचं, आणि त्यासाठी आदली रात्र वर किंवा निदान सारीत काढायची. जंगल कस्तुरीमृगासाठी राखलेल्या केदारनाथ अभयारण्याचं आहे, त्यामुळे अंधारात एकट्यादुकट्याने चढू नये.

पराशरचं तसं नाही. तिथे बघायच्या गोष्टी दिवसभर जागेवर असतात. वाटीसारख्या खोलगट कुरणाच्या तळाशी गोल, काळसर पाणी, त्यावर तरंगणारं गवताचं हिरवं बेट, आणि काठाला लाकूड आणि दगडाचं तीन छपरांचं पराशर ऋषींचं देऊळ. हे देऊळ तेराव्या-चौदाव्या शतकात मंडीचा राजा बाणसेन याने बांधलं असं मानतात. लाकडावरचं कोरीवकाम जवळ जाऊन, सावकाश बघावं असं आहे. बेट मात्र नुसतं बघून कळत नाही. मुळं आणि कुजलेलं गवत एकमेकांत गुंतून त्याची जाड गादी झालेली असते. ती पाण्यापेक्षा हलकी, म्हणून तरंगते आणि जागा बदलते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते देवळाच्या बाजूला होतं, दुसऱ्या खेपेला पार पलीकडच्या काठाला टेकलेलं. तळ्याला कुंपण आहे आणि पाण्यात उतरायचं नसतं. ही बंधनं मनापासून पाळावीत, गावकऱ्यांसाठी हे देवाचं पाणी आहे. दूरवर धौलाधारची रांग दिसते, पण शिखरं इथे देवरियातालसारखी अंगावर येत नाहीत.

महाभारताची ओढ असेल तर दोन्हीकडे काहीतरी हाती लागतं. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते देवरियातालच्या काठी, अशी तिथली श्रद्धा. आणि पराशर हे तर व्यासांचे वडील.

शांतता

इथे मी देवरियातालच्या बाजूने आहे. तीन किलोमीटरचा चढ ही मोठी चाळणी आहे. वर येणारा प्रत्येकजण तासदीड तास चालून आलेला असतो, त्यामुळे मोठा स्पीकर, थर्माकोलच्या ताटल्यांचे ढीग असला प्रकार कमी. तरी तळं अगदी निर्जन असतं असं समजू नका. इथून चोपता-चंद्रशिलेकडे जाणारे ट्रेकिंगचे गट मोसमात रोज येतात.

पराशरला शनिवार-रविवारी दिवसा शांतता शोधू नये. जूनमध्ये सरानाहुलीची जत्रा भरते, तेव्हा तर सगळा मुलूख लोटतो. जत्रा बघायची असेल तर तोच मोसम, तळ्यासाठी नव्हे. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी वर मुक्काम केलात आणि संध्याकाळी शेवटच्या गाड्या उतरून गेल्या की पराशर एकदम वेगळंच होतं. त्या अंधारात देवळाची घंटा एकदाच वाजली, तेवढीच. ती संध्याकाळ मी देवरियातालच्या पहाटेइतकीच जपून ठेवली आहे.

मुक्कामाचं एक लक्षात ठेवा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, रात्री राहण्यावर बंदी घातली. तळ्याच्या अगदी काठाशी तंबू ठोकू असा बेत करून जाऊ नका. तंबूंची सोय तळ्यापासून थोडी अलीकडे असते. आपल्याला दिलेली जागा परवानगीची आहे ना, हे आधीच विचारा. वनखात्याच्या प्रवेशशुल्काची पावती घ्या आणि जपून ठेवा.

पोचायचं कसं, आणि कधी

देवरियातालसाठी रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश, किंवा विमानाने डेहराडून. तिथून देवप्रयाग, श्रीनगर (गढवालमधलं), रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, कुंड, ऊखीमठ आणि मग सारी. अख्खा दिवस घाटात जातो. कुंडपर्यंतचा रस्ता केदारनाथच्या यात्रेकरूंचाही असल्यामुळे मे-जूनमध्ये तासन् तास खोळंबा होऊ शकतो. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी वाटेत रुद्रप्रयागला रात्र काढावी. परतीच्या वेळी ऊखीमठचं ओंकारेश्वर मंदिर बघता येतं. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथे होते.

पराशरसाठी चंडीगड गाठायचं, तिथून मंडी. दिल्लीहून मनालीला जाणाऱ्या रात्रीच्या बसही मंडीत थांबतात. मंडीपासून तळं सुमारे ५० किलोमीटर, कमांद-कटौला-बागी मार्गे. प्रवास तुलनेने सोपा आणि पुढे कुल्लू-मनालीला जोडून घेता येतो. शेवटच्या टप्प्यात रस्ता अरुंद आहे, तेव्हा डोंगरात गाडी चालवायचा सराव नसेल तर मंडीतूनच चालकासह गाडी करा.

पावसाळ्यात दोन्हीकडे जाऊ नये. जून २०२३ च्या अखेरीस बागीजवळ ओढ्याला अचानक पूर आला आणि पराशरहून परतणारे पर्यटक रात्रभर अडकले. रुद्रप्रयागच्या बाजूलाही दरडी कोसळतातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा धुतल्यासारखी असते, चौखंब्यासाठी तेच दिवस उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये सारीच्या वाटेवर बुरांश लालभडक फुललेला असतो. मेपर्यंत जंगलातल्या वणव्यांच्या धुराने शिखरं धूसर होतात. हिवाळ्यात पराशर गोठतं, बर्फाने रस्ता बंद होतो आणि प्रशासनही वर जाऊ देत नाही. बर्फातलं पराशर बघायचंच असेल तर निघण्याआधी मंडीत चौकशी करा.

मग कुणी कुठे जावं

घरातले सगळे रोज तासभर चालत असतील, आठेक वर्षांची मुलं असतील, हाताशी सहा-सात दिवस असतील तर देवरियाताल. सारीत एक रात्र, वर एक रात्र. पायांत जोर उरला तर पुढे चोपत्याहून तुंगनाथचं देऊळ करता येतं, पण ते ३,६८० मीटरवर आहे, तेव्हा बरोबरच्या ज्येष्ठांना विचारून मगच.

बरोबरच्या कुणाला पायऱ्याही जड जात असतील, तान्हं बाळ असेल किंवा मनालीच्या सहलीतून दोनच दिवस काढता येत असतील तर पराशर, गाडीने. सोमवार ते गुरुवारातला एक दिवस, आणि रात्र वरच. आणि तुम्ही सह्याद्रीत नियमित भटकणारे असाल, बरोबर कुणी लहानमोठं नसेल, तर बागीतून चढा.

या ऑक्टोबरात मावशीला घेऊन जायचं आहे. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, तेव्हा आम्ही पराशरला निघालो आहोत. मंडीतून गाडी ठरवली आहे, मंगळवारचा मुक्काम धरला आहे. आई बरोबर येते आहे, पण बागीतून चालत यायचं म्हणते.