गोकुळ शिरगावच्या डिस्पॅचमधून ऑनलाइन एमबीए: दीड वर्षानंतरचा अनुभव

मी कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात एका फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) डिस्पॅचला, म्हणजे माल पाठवायच्या विभागात, नऊ वर्षं आहे. गाडी लावणं, बिल्टी (वाहतुकीची पावती), ई-वे बिल (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल), पार्टीचे फोन हे रोजचं काम. दीड वर्षापूर्वी लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन विषय घेऊन ऑनलाइन एमबीए सुरू केलं. चारपैकी तीन सेमिस्टर झाली. पुढं काही तक्रारी लिहिल्यात, म्हणून विद्यापीठाचं नाव देत नाही. तसंही एमआयडीसीतले ओळखीचे लोक मला एकच विचारतात: नोकरीत असलेल्याला याचा उपयोग होतो का?

होतो, आपल्या स्टोअरचे आकडे घेऊन अभ्यासाला बसलं तर. नुसते व्हिडिओ बघून मला पहिले दोन महिने काहीही मिळालं नाही. मग लाकडी पॅलेटचा (ज्यांवर माल रचून पाठवतो त्या चौकटींचा) हिशोब मांडला.

एका वेळी किती माल मागवावा याचं ईओक्यूचं सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलं. वर्षाची गरज, एका ऑर्डरचा खर्च आणि दोन यांचा गुणाकार करायचा, एक नग वर्षभर ठेवायला येणाऱ्या खर्चानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. आम्हाला वर्षाला २४०० पॅलेट लागतात. टेम्पोचं भाडं, उतरवणी, कागदपत्रं धरून एका ऑर्डरला ६०० रुपये जातात. एक पॅलेट वर्षभर सांभाळायला ५० रुपये. उत्तर आलं २४०. आम्ही मात्र वर्षानुवर्षं ५०-५० मागवत होतो. त्यात ऑर्डरचा आणि सांभाळण्याचा मिळून वर्षाचा खर्च ३०,०५० रुपये होता, २४० नं मागवलं तर १२,०००.

कागद साहेबांपुढं ठेवला. ते म्हणाले, "पावसात २४० पॅलेट ठेवणार कुठं?" प्रश्न बरोबर होता. निर्यातीच्या पॅलेटचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेलं असतं. ते भिजून बुरशी धरली तर पार्टी माल अडवते. शेडखाली १६० च मावतात. रात्री पुन्हा हिशोब केला, तर १६० ला १३,००० येत होते. म्हणजे जागेची अडचण सांभाळूनही फरक फक्त हजाराचा. या सूत्राचा आलेख तळाशी पसरट असतो, थोडं इकडंतिकडं झालं तरी फारसं बिघडत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या रात्री ते कळलं. गेलं वर्षभर आम्ही १६० नंच मागवतोय.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे बीअर गेम. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या दशकात तयार झालेला हा खेळ आमच्या बॅचनं ऑनलाइन खेळला. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी साखळी, आणि प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची ऑर्डर दिसते. मी कारखाना होते. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच थोडी वाढली आणि माझ्यापर्यंत येईतो तिचा डोंगर झाला. मी माल बनवला तोवर ऑर्डर शून्यावर. आमचं ट्रॅक्टरच्या पार्टचं शेड्यूल असंच येतं, एका महिन्यात दुप्पट आणि पुढच्या महिन्यात निम्मं. तिकडच्या खरेदीवाल्यांवर मी वर्षानुवर्षं चिडत आले. आता फोन केला की त्यांच्याकडं आमच्या मालाचा शिल्लक साठा किती हे आधी विचारते. दोघांनी ते सांगायला सुरुवात केलीय.

इनकोटर्म्सचा, म्हणजे परदेशी व्यवहारात खर्च आणि जोखीम कुठवर कुणाची हे ठरवणाऱ्या अटींचा, धडाही लगेच कामाला आला. २०२० च्या नियमांत अकरा अटी आहेत. कंटेनरच्या मालाला आपल्याकडं सर्रास एफओबी लिहितात, पण त्यात माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. न्हावा शेवा बंदराच्या यार्डात कंटेनर चार दिवस पडून राहिला तरी ती आपल्याच डोक्यावर. अशा मालाला एफसीए योग्य, त्यात गिऱ्हाइकानं ठरवलेल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की आपली जोखीम संपते.

आता तक्रारी. ई-वे बिलाच्या व्हिडिओत अजून १०० किलोमीटरला एक दिवस मुदत असं शिकवतात; १ जानेवारी २०२१ पासून ते २०० किलोमीटर आहे. मी लेखी कळवलं, व्हिडिओ तसाच आहे. उदाहरणं बहुतेक मोठ्या दुकानसाखळ्यांची आणि मोबाइल कंपन्यांची. गाडीतली जागा कशी भरावी यावर पूर्ण प्रकरण आहे, पण कास्टिंगची (ओतीव पार्टची) गाडी जागेनं भरतच नाही. निम्मी रिकामी दिसते तोवर पासिंग, म्हणजे गाडीला परवानगी असलेलं वजन, संपलेलं असतं, आणि वजनाच्या हिशोबाला तिथं अर्धं पान. प्रवेश घेताना नोकरी लावून देण्याबद्दल फोनवर जे सांगितलं, त्याचे आठवड्याला चार लिंकांचे मेल झाले. नव्यानं नोकरी शोधणाऱ्यांनी त्या फोनवर विसंबू नये. कोर्सला यूजीसीची परवानगी आहे का, हे यूजीसीच्याच यादीत बघून मग पैसे भरा.

वेळ रोज रात्री साडेनऊ ते साडेअकरा. परीक्षेच्या महिन्यात सासूबाईंनी मुलीची शाळा-डबा सगळं अंगावर घेतलं, नाहीतर दुसरं सेमिस्टर निघालं नसतं.

पूर्ण फी वसूल झाली असं मला वाटतं तो एक तास शंकासत्राचा होता. सुरक्षित साठ्याचं, म्हणजे अडीअडचणीला हाताशी ठेवायच्या जादा मालाचं, सूत्र मागणीच्या आणि पुरवठ्याला लागणाऱ्या दिवसांच्या चढउतारावर चालतं. मी विचारलं, आमच्या महापुराचे दिवस त्यात कसे धरायचे? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, पुण्याकडची वाट बंद. तिकडं निपाणीजवळ यमगर्णीलाही पाणी, म्हणजे बेळगावकडूनही वाट नाही. भरलेल्या गाड्या आमच्या गेटात उभ्या होत्या आणि ड्रायव्हर काका रोज सकाळी येऊन विचारायचे, "ताई, रस्ता सुटला काय?" सरांनी स्लाइड बंद केली आणि पूर्ण वेळ यावरच बोलले. पूर सरासरीत मिसळू नका, म्हणाले. तो एकतर येत नाही किंवा आठवडा घेऊन जातो. सरासरीत टाकलात तर बारा महिने फुकटचा साठा सांभाळाल आणि पूर आला की तरीही कमी पडेल. पावसाळ्यापुरता वेगळा साठा नदीच्या पलीकडं ठेवा, तोही ज्या पार्टविना गिऱ्हाइकाची लाइन थांबते त्यांचाच.

चौथ्या सेमिस्टरचा माझा प्रकल्प तोच आहे. आमच्या ६४ पार्टपैकी असे अकरा निघाले. मेअखेर त्यांचा दहा दिवसांचा माल नदीपलीकडं, पुण्याजवळच्या चाकणला नेऊन ठेवायचा, असं साहेबांशी ठरलंय. दोन गोदामांचे दर आलेत, तिसऱ्याची वाट बघतेय.