डान्स डान्स रिव्होल्यूशन: लेव्हलचा आकडा आणि पायांचा हिशेब

कोनामी कंपनीचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ (डीडीआर) हा गाण्याच्या ठेक्यावर, पडद्यावर सरकणाऱ्या बाणांप्रमाणे पायाखालच्या बाणांवर पावले टाकायचा खेळ १९९८ साली जपानमधल्या गेम सेंटरांत आला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये पडदा, दिवे, गाणी असे सारेच बदलत गेले, तरी पायाखालचे चार बाण तेच राहिले. नोकरीच्या निमित्ताने जपानमध्ये काढलेल्या दोन वर्षांत आठवड्यातली एक तरी संध्याकाळ मी या यंत्रावर घालवली. शंभर येनच्या नाण्यात तीन गाणी, आणि तिसरे संपेपर्यंत शर्ट भिजलेला, असा तो व्यवहार होता. मी पट्टीचा खेळाडू नाही. माझी मजल चौदाव्या लेव्हलपर्यंत गेली आणि तिथेच अडली.

बहुतेक गाण्यांना बिगिनर, बेसिक, डिफिकल्ट आणि एक्स्पर्ट अशा अवघडपणाच्या चार पायऱ्या असतात, काहींना त्यावर चॅलेंजही असते, आणि प्रत्येक पायरीला एक ते वीसमधला एक आकडा, म्हणजे लेव्हल, दिलेला असतो. २००८ च्या ‘डीडीआर एक्स’पूर्वी हे माप दहापर्यंतच होते, त्यामुळे जुना खेळाडू ‘नऊचे गाणे’ म्हणतो तेव्हा ते आजच्या मापात बाराच्या आसपासचे असू शकते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे. माझी तक्रार मात्र मापाबद्दल नसून एकाच आकड्यात सगळे कोंबण्याबद्दल आहे. बाराचे एक गाणे दमसास मागते, तर बाराचेच दुसरे उजवा पाय डाव्या बाणावर न्यायला लावून कंबर वळवते; पहिले मला सहज जमले, दुसऱ्याने महिनाभर दाद दिली नाही.

या दृष्टीने २००१ च्या ‘डीडीआरमॅक्स’मधला ग्रूव्ह रडार मला अधिक प्रामाणिक वाटतो. एकूण पावले किती, सर्वांत दाट भाग किती दाट, उड्या किती, पाय दाबून धरायचे बाण किती आणि ठेक्याबाहेरची पावले किती, हे त्या पंचकोनी आकृतीत एका नजरेत कळते. त्या आवृत्तीत आकडे काढूनच टाकले होते, पण पुढच्याच आवृत्तीत ते परत आले. लोकांना आकडाच हवा असतो, त्याला इलाज नाही.

गाण्यांमध्ये माझे मन अजूनही पहिल्या आवृत्तीतल्या, स्माइल डॉट डीके या पॉप गटाच्या ‘बटरफ्लाय’वर आहे. मिनिटाला १३५ ठोक्यांची त्याची चाल इतकी मोकळी आहे की शाळेत लेझीम खेळलेल्या माणसाचे पाय आपोआप मोजणीवर पडू लागतात, आणि बाण बघण्याआधी सूरच पुढचे पाऊल सांगतो. ‘पॅरानॉइया’ १८० वर धावते; तिथे पाय उचलण्याची सवय सोडून बाणांच्या पॅडवर टाच टेकवून नुसता चवडा दाबायला मी शिकलो. ‘मॅक्स ३००’ हे नावाप्रमाणेच ३०० ठोक्यांचे आहे. एका ठोक्यात दोन पावले आली की सेकंदाला दहा पावले होतात, आणि मध्येच गाणे क्षणभर थांबते तेव्हा सावरण्याऐवजी लय तुटते. आजच्या मापात त्याची एक्स्पर्ट पायरी पंधराची आहे. यंत्राची मागची दांडी घट्ट धरूनही माझा लाइफ गेज, म्हणजे चुकांसरशी घटणारी पट्टी, प्रत्येक वेळी गाण्याच्या अर्ध्यावरच रिकामा झाला.

पडद्यावरच्या बाणांचा वेग वाढवण्याची सोय मी फार उशिरा वापरली, याची मात्र हळहळ वाटते. वेग वाढवला की गाणे अवघड होईल असा समज होतो. प्रत्यक्षात चाल तीच राहते, बाणांमधले अंतर वाढते आणि एकमेकांवर चढलेली पावले सुटी सुटी वाचता येतात. हा एक बदल केल्यावर दहावरून बारावर जायला मला फार दिवस लागले नाहीत.

पुण्यात परतल्यावर एका मॉलच्या गेमिंग झोनमध्ये नाचाचे यंत्र दिसले आणि मी उत्साहाने चढलो. डावा बाण तीनदा आपटल्यावर एकदा लागत होता. खालचा सेन्सर गेला असावा. काउंटरवरच्या मुलाने ‘जरा जोरात मारा’ एवढाच सल्ला दिला. अशा पॅडवर सहाची लेव्हलही अकराची होते. आता कार्ड स्वाइप करण्यापूर्वी मी बाजूला उभा राहतो आणि माझ्या आधी खेळणाऱ्याचा डावा पाय नीट पाहून घेतो.