शिंकेची गोळी देण्याआधी प्रश्न विचारणारे मेडिकल

गुऱ्हाळे सुरू झाली की दरवर्षी मला शिंकांचा त्रास होतो. गेल्या हंगामात एका दुकानातून आणलेली क्लोरफेनिरामिनची गोळी घेऊन मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीला निघालो आणि पंचगंगेच्या पुलावर गाडी चालवतानाच डोळा लागता लागता वाचलो. ती गोळी देताना कोणी एका शब्दानेही सावध केले नव्हते.

यंदा राजारामपुरीतील आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवली, तेव्हा फार्मासिस्ट बाईंनी आधी विचारले, "काका, गाडी तुम्हीच चालवता न्हवं?" मी हो म्हणालो. त्यांनी गोळी परस्पर बदलली नाही. माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, त्याऐवजी फेक्सोफेनाडिन ही गोळी चालेल असे ठरले आणि चिठ्ठीत तशी दुरुस्ती करून आणल्यावरच त्यांनी पाकीट हातात दिले.

कारण विचारल्यावर त्यांनी बिलाच्या पाठीवर पेनाने दोन वर्तुळे काढली, एक तुटक, एक अखंड. तुटक वर्तुळ नाकातील बारीक रक्तवाहिनीचे. ॲलर्जीत शरीर सोडते त्या हिस्टामिन नावाच्या रसायनामुळे ती रुंदावते, तिच्या भिंतीतील पेशींमध्ये फटी पडतात आणि पाणी झिरपू लागते. अखंड वर्तुळ मेंदूतील केशवाहिनीचे. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातील हिस्टामिन सहसा आत शिरत नाही. मेंदू स्वतःचे हिस्टामिन हायपोथॅलॅमसमध्ये तयार करतो आणि आपल्याला जागे ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. जुनी गोळी स्निग्ध पदार्थात विरघळणारी असल्याने ही भिंत ओलांडते आणि नाकाबरोबर मेंदूतल्या हिस्टामिनचेही काम अडवते. फेक्सोफेनाडिनला मात्र त्याच भिंतीतील एक प्रथिन पंपासारखे पुन्हा रक्तात लोटते. १९३७ साली औषधशास्त्रज्ञ दानिएल बोवे यांनी हिस्टामिनचे काम अडवणारे पहिले संयुग दाखवले, आणि त्यानंतर कित्येक दशके शिंका थांबवायच्या तर झोप सोसावीच लागे. इतकी वर्षे गोळ्या खाऊनही मला हे कोणी सांगितले नव्हते, याचे खरोखर वाईट वाटले.

गोळी पाण्याबरोबरच घ्या, फळांच्या रसाबरोबर घेतल्यास ती कमी शोषली जाते, हेही त्यांनी पाकिटावर लिहून दिले. तीन आठवडे झाले; शिंका आटोक्यात आहेत आणि पहिल्या पाळीलाही डोळे जड होत नाहीत.

तक्रार एकच आहे. प्रत्येकाला असे समजावून सांगताना संध्याकाळी रांग लांबते आणि वयस्कर माणसांना पायरीवर उभे राहावे लागते, तेव्हा दाराशी एक बाक ठेवावा. सवड काढून विचारायचे असेल तर सकाळी जावे.