पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’: ऐकायचा तर सलग

शफलवर, म्हणजे क्रम मोडून, गाणी ऐकणाऱ्यांसाठी हा अल्बम नाही. या ब्रिटिश रॉक बँडची 1973 साली आलेली ही 10 गाणी एकमेकांत मिसळत जातात. बसायचं तर सलग 43 मिनिटं बसावं लागतं, आणि मूडवर जो काही परिणाम होतो तो तेव्हाच होतो.

चिडचिड होत असताना अगदी मंद संगीत लावलं तर ते बहुतेकदा कानावरून जातं, डोकं आपलं चालूच राहतं. हा अल्बम आधी त्या अस्वस्थतेला गाठतो. ‘ब्रीद’ संथ आहे, दोन कॉर्ड्सवर झुलणारं. त्याला लागूनच ‘ऑन द रन’: सिंथेसायझरवरची आठ सुरांची एकच ओळ भरधाव फिरत राहते, भोवती धावती पावलं, धाप. इथं छाती थोडी आवळते. मग ‘टाइम’ची घड्याळं, आणि गायकाचा आवाज येईपर्यंत दोन मिनिटांहून जास्त नुसते ठोके आणि रोटोटॉम नावाचे छोटे ड्रम. हा भाग पुढे ढकलू नका. इतका वेळ ताटकळल्यामुळेच बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरचं गिटार सोलो सुरू झाल्यावर आत साठलेलं मोकळं होतं.

अल्बमचा कळस मात्र ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. गायिका क्लेअर टॉरीच्या गाण्यात एकही शब्द नाही. पियानोवर तिचा आवाज टिपेला जातो, फाटेल असं वाटतं, आणि मध्यावर एकदम खाली येतो. रडू कोंडलेलं असेल तर ते इथं सुटतं.

लावताना पहिली चूक आवाजाची होते. सुरुवातीचे हृदयाचे ठोके फार हळू आहेत म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि घड्याळं वाजली की दचकून उठतात. ‘ब्रीद’मधलं गाणं समोर बसून बोलणाऱ्या माणसाइतकं ऐकू आलं की आवाज तिथंच ठेवा. ॲपमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावर दुसरं चढवणं) बंद, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पडणं) चालू. एमपीथ्री फायलींच्या टोकांना एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, किंचित शांतता जोडतो. प्लेअरनं ती काढली नाही तर ऐन जोडावर खटका बसतो आणि तंद्री मोडते.

‘मनी’पाशी अर्धा मिनिट थांबा. एलपीवर, म्हणजे जुन्या तबकडीवर, इथं बाजू उलटावी लागायची; ती उसंत स्ट्रीमिंगवर मिळत नाही, आणि नाण्यांचा खणखणाट आधीच्या हळव्या शांततेवर आदळतो. गाणं सात मात्रांचं असल्यानं पाय ठेका धरताना अडखळतो. गिटारचं सोलो चार मात्रांवर आलं की अंग सैल होतं. ‘अस अँड देम’मध्ये प्रत्येक शब्दामागे प्रतिध्वनी लांबत जातो, श्वासही आपोआप लांबतो. ‘एनी कलर यू लाइक’ रंगतदार असलं तरी थोडं रेंगाळतं.

खूप घाबरल्यासारखं होत असेल तेव्हा मात्र हेडफोनवर ‘ऑन द रन’ नको, स्पीकरवर ऐका. आणि ऑटोप्ले आधीच बंद करा. शेवटच्या ‘इक्लिप्स’नंतर सुरुवातीचेच हृदयाचे ठोके पुन्हा येतात, विरत विरत थांबतात, आणि त्यावर लगेच दुसरं गाणं सुरू झालं तर सगळं विस्कटतं.