महामार्गांसाठी कर्जरोखे की इंधनकर?

१९५५ साली अमेरिकेला आंतरराज्य महामार्गांचं जाळं उभारायचं होतं, पण पैसा आणायचा कुठून? राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेमलेल्या जनरल ल्यूशस क्ले समितीचं उत्तर होतं ३० वर्षांचे, २० अब्ज डॉलरचे कर्जरोखे. रस्ते लवकर होतील, फेड इंधनकरातून होत राहील. रस्ता पुढची पिढीही वापरणार, तर तिनेही थोडा भार उचलावा, यात मला तरी गैर दिसत नाही.

अडचण व्याजाची. ते ११ अब्जांच्या वर जात होतं, म्हणजे २० डॉलरच्या रस्त्यामागे ११ डॉलर नुसते व्याजात. सिनेटर हॅरी बर्ड यांना हे ऋण काढून सण करणं वाटलं. (गडी जुनाच. १९२३ मध्ये व्हर्जिनियात रस्त्यांसाठीचे कर्जरोखे हाणून पाडण्यात तेच पुढे होते.)

१९५६च्या कायद्यात बर्ड यांची सरशी झाली. इंधनकर गॅलनला २ सेंटवरून ३ सेंट झाला, पैसे वेगळ्या महामार्ग निधीत जाऊ लागले. जमा होईल तेवढंच खर्चायचं, व्याजाची भानगड नाही. पण कामाचा वेग पेट्रोल पंपाच्या गल्ल्याला बांधला गेला. निधी आटू लागला तशी १९५९ मध्ये कर ४ सेंटवर न्यावा लागला.

आणि कर वाढवायला छाती लागते. तो १९९३पासून १८.४ सेंटवर अडकलाय. महागाई वाढली, गाड्या पेट्रोल कमी पिऊ लागल्या. २००८पासून महामार्ग निधीची तूट सर्वसाधारण तिजोरीतून भरतात, आणि ती तिजोरी काही अंशी चालते कर्जरोख्यांवर.