मदरबोर्ड बदलला सांगून साडेनऊ हजार घेतले, बोर्ड जुनाच! लॅपटॉप रिपेअरला देताय तर वाचा

डोंबिवलीतल्या एका लॅपटॉप रिपेअरवाल्याने आम्हाला कसं गंडवलं ते लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे, आणि हा प्रकार काय एकाच दुकानात चालतो असंही नाही.

लॅपटॉप घरचाच, वॉरंटी संपलेली. दिवसा माझं अकाउंट्सचं काम आणि संध्याकाळी मुलीचा अभ्यास. पावसाळ्याच्या तोंडावर मधेच स्क्रीन निळी होऊन रिस्टार्ट व्हायला लागला, कधी 'मेमरी मॅनेजमेंट' कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', दर वेळी कोड वेगळाच. (नवीन विंडोज ११ मध्ये ही स्क्रीन निळी नाही काळी येते, पण कोड तिथे असतोच, मोबाईलवर फोटो काढून ठेवत जा.) अपडेट झाले, ड्रायव्हर झाले, एसएफसी स्कॅन (विंडोजच्या फाइल्स खराब आहेत का ते बघणारं) झालं, सगळं दिराने करून बघितलं, फरक शून्य.

दुकानात गेले तर त्याने फोटो बघितलेसुद्धा नाहीत. मला पिन टाकायला लावून लॅपटॉप उघडला, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची एररची नोंदवही) काढला आणि लाल लाल एररची रांग दाखवली. त्यात 'कर्नल पॉवर ४१' वर बोट ठेवून म्हणे, "ताई, हे बघा, पॉवर सेक्शन उडालाय, बोर्ड गेला. नवीन बोर्ड तुम्हाला परवडणार नाही, माझ्याकडे ओरिजिनल काढलेला आहे, साडेनऊमध्ये बसवून देतो." आता हे नीट लक्षात घ्या, ४१ नंबरचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. तुम्ही पॉवर बटण दाबून धरून बंद केलं तरी तो येतो, लाइट गेली आणि बॅटरी संपलेली असली तरी येतो. आणि लाल एरर तर धडधाकट लॅपटॉपमध्येही ढिगाने असतात. म्हणजे पुरावा म्हणून जे दाखवलं तो पुरावाच नव्हता.

ठेवून घेताना पासवर्ड मागितला, तो मी दिला नाही, आत ऑफिसचा डेटा होता. यावर त्याचं तोंड जरा वाकडं झालं पण म्हणाला चालेल. दोन दिवसांनी लॅपटॉप मिळाला, बिल म्हणजे एक कच्ची चिठ्ठी, 'बोर्ड चेंज' आणि आकडा, बस्स. जुना बोर्ड द्या म्हटलं तर "तो एक्स्चेंजमध्ये गेला". घरी आल्यावर नेहमीचा पिन टाकला, लॅपटॉप उघडला, आणि काही आठवडे खरंच छान चालला. नंतर परत तेच. फोन केला तर "विंडोज करप्ट असेल, फॉरमॅटचे वेगळे होतील"!

मग दीर तो घेऊन ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर त्याच्या ओळखीच्या माणसाकडे गेला. त्या माणसाने कोड ऐकूनच सांगितलं की दर वेळी कोड बदलतोय म्हणजे आधी रॅम (लॅपटॉपची कामचलाऊ मेमरी) बघू. मागचं झाकण काढलं, रॅमच्या दोन स्टिक होत्या, एक काढून ठेवली आणि विंडोजचंच मेमरी डायग्नोस्टिक चालवलं. एकीला एरर नाही. दुसरीला एरर, आणि तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली तरी एरर! म्हणजे एरर स्टिकबरोबर फिरतोय, बोर्डाचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे दोन्ही स्टिकच्या पिना खोडरबराने घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. आधीच्या भाऊने एवढंच केलं होतं, रबर मारलं आणि परत बसवलं. त्यामुळे तात्पुरता चालला असणार.

आणि बोर्ड बदललेला नाही हे कशावरून, तर आमच्या लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद) चालू आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते आपोआप चालू होतं, आपल्याला पत्ताही नसतो. त्याची किल्ली बोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते. बोर्ड खरंच बदलला असता तर सुरू करताक्षणी बिटलॉकरची (विंडोजच्या याच कुलपाचं नाव) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली असती, आणि जुना पिनही चालला नसता, परत सेट करावा लागला असता. आमच्याकडे दोन्हीपैकी काहीच झालं नाही. बायोसमधला (बोर्डातच साठवलेला) सिरियल नंबरही मागच्या स्टिकरशी तंतोतंत जुळतो. (तो नंबर नवीन बोर्डात लिहिता येतो म्हणे, म्हणून एकट्या त्यावर जाऊ नका.) पासवर्ड दिला नव्हता हे इथे कामी आलं, नाहीतर "आम्ही आत जाऊन बिटलॉकर बंद केलं होतं" म्हणायला तो मोकळा.

हे सगळं घेऊन दीर आणि मी दुकानात गेलो. आधी आवाज चढवला, मग "कारागीराने केलं असेल, मला माहीत नाही", मग चहा मागवला. पैशाचं नाव नाही. शेवटी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. पक्कं बिल न देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, हे त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, सोबत चिठ्ठीचा फोटो. त्यानंतर मात्र सहा हजार परत आले. उरलेले साडेतीन "लेबर चार्ज" आहेत असं त्याचं म्हणणं. खोडरबर मारायचे साडेतीन हजार!

नवीन रॅम त्याने घेतलेल्या पैशांच्या पाव भागात आली, लॅपटॉप व्यवस्थित चाललाय. तुमच्याकडे बोर्ड गेलाय असं कोणी सांगितलं तर आधी सर्चमध्ये मेमरी डायग्नोस्टिक टाकून रात्री टेस्ट लावून झोपा, चालू असताना एफ१ दाबलं की एक्स्टेंडेड टेस्टचा पर्याय मिळतो. आणि रिपेअरला टाकायच्या आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून रिकव्हरी की लिहून ठेवा, रॅमचं स्टिकर आणि एसएसडीचा नंबर दुकानदारासमोरच झाकण उघडायला लावून फोटोत घ्या, जुना पार्ट परत पाहिजे हे चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या. शेवटचं ऐकून दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरं दुकान बघा.

साडेतीन हजारांसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइन होतो. दीर म्हणतो सोड आता, पण मी सोडणार नाहीये.